कणीस बियाण्याला, बोकड बाजाराला



रब्बीची ज्वारी काढणीला आली की घरातले जाणते माणूस विळा लागण्याआधी शेतातून एक फेरी मारते. कणीस भरगच्च, दाणा टपोरा आणि मोत्यासारखा, ताट न लोळलेले, असे दिसले की ते वेगळे काढायचे. ते आढ्याला टांगले जाते. घरात कितीही ओढाताण असली तरी ते कणीस जात्यात जात नाही. ते बियाण्याचे. मोहोळच्या संशोधन केंद्रावर मालदांडी ३५-१ हा वाण निघाला, तोही स्थानिक मालदांडीतून निवड करूनच. निवडीची विद्या आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकवलेली नाही.

तेच घर शेळीच्या बाबतीत काय करते? सहा शेळ्यांना दहा करडे झाली. त्यातले जे दोन बोकड भराभर वाढतात, त्यांच्यावर व्यापाऱ्याची नजर आधी पडते. फवारणीचे पैसे द्यायचे असतात, पोराची फी भरायची असते, दवाखाना असतो. ते दोन जातात. मागे राहतो तो रडतखडत वाढलेला, कोणी मागितला नाही म्हणून उरलेला. पुढच्या वेळी सगळ्या शेळ्या त्याच्यापासूनच गाभण राहतात.

गोऱ्ह्याचीही तीच गत. खांद्याला रुंद, पायाने सरळ, चालीला चपळ असा गोऱ्हा दिसला की त्याला लवकर बडवायचा, कारण त्याचा चांगला बैल होणार. जो बैल म्हणून कोणाच्या डोळ्यात भरत नाही, तो न बडवता गावात मोकळा फिरतो आणि गावच्या गायी फळवतो. म्हणजे निवड आपण इथेही करतो. फक्त उलटी करतो. उत्तम ते विकायचे किंवा बडवायचे आणि निकृष्ट ते पैदाशीला ठेवायचे. ज्वारीत असे कोणी पाच वर्षे केले तर सहाव्या वर्षी त्याच्या शेतात काय उगवेल?

हे होते ते शेतकरी अडाणी आहे म्हणून नव्हे, हे मी आधीच सांगून ठेवतो. पशुसंवर्धनाच्या व्यासपीठावरून "शेतकऱ्यांमध्ये जागृती नाही" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. शेतकरी हिशेबाने चालतो. बाजारात मटणाला भाव आहे, खांद्याला भाव आहे, शर्यतीच्या चपळाईला भाव आहे. चांगली संतती देण्याच्या गुणाला मात्र भाव नाही. ज्याला भाव नाही ते कोणी सांभाळत नाही. प्रश्न जागृतीचा नसून पारखीचा आहे. पारख कोणाच्या हातात आहे आणि ती काय मोजते, हा खरा प्रश्न आहे.

हेड्याचा डोळा

बैलबाजारात पारख असते ती हेड्याची. तो आधी जबडा उघडतो. खालच्या जबड्यात दुधाचे आठ दात असले की आदत. साधारण दोन-अडीच वर्षांनी पक्क्या दातांची पहिली जोडी येते, तो दुसा. चार पक्के दात आले की चौसा. आठही दात साडेचार-पाच वर्षांपर्यंत येतात आणि बैल जुळतो. पुढे दातांच्या झिजेवरून वयाचा अंदाज. ही विद्या खरी आहे आणि आपल्यातल्या अनेकांना ती येते. पण त्यानंतर काय होते? दोन माणसांचे हात उपरण्याखाली जातात, बोटे दाबली जातात आणि भाव ठरतो. ज्याचा बैल, तो बाजूला कासरा धरून उभा.

शेळीबाजारात तेवढेही नाही. तिथे बोकड कमरेला धरून उचलला जातो आणि "घे, इतके देतो" असे ऐकायला मिळते. व्यापारी आठवड्याला शेकडो बोकड उचलतो. त्याचा हात हाच काटा झालेला असतो. आपण वर्षाला दोन-चार बोकड विकतो. त्याचा अंदाज किलोभराने चुकेल, आपला पाच किलोने चुकतो. समजा जिवंत वजनाला किलोमागे ४०० रुपये भाव आहे आणि आपला अंदाज चार किलोने कमी पडला, तर एका बोकडामागे १,६०० रुपये गेले. कापसाच्या गाडीला आपण काटा मागतो. काट्यात पाच किलोचा फरक पडला तर जिनिंगच्या दारात भांडण होते. आणि बोकड मात्र डोळ्याने विकतो!

बोकडासाठी लटकवायचा काटा फार महाग नाही. दहा घरांत मिळून एक घेता येतो. बोकडाच्या जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के मटण पडते. म्हणजे ३० किलोच्या बोकडाचे साडेतेरा ते पंधरा किलो. हा एक आकडा डोक्यात ठेवला आणि गावातला मटणाचा भाव माहीत असला, तर व्यापाऱ्याने काय धरले असेल ते घरी बसून कळते.

बैल किंवा गाय काट्यावर चढवता येत नाही, पण शिंप्याची मोजपट्टी पुरते. सकाळी चारापाणी देण्याआधी जनावर सपाट जागी चारही पायांवर सरळ उभे करा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्या. खांद्याच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, त्याला ६६० ने भागा. घेर ६६ इंच आणि लांबी ५४ इंच असेल तर ३५६ किलो. हा अंदाज आहे, काटा नव्हे. पण उपरण्याखालच्या बोटांपेक्षा तो खात्रीचा आहे.

परीक्षकाचे गुणपत्रक

दुसरी पारख प्रदर्शनातल्या परीक्षकाची. आम्ही शेतकी महाविद्यालयात शिकलो तेव्हा गायीची पारख करायला गुणपत्रक होते. १०० गुणांचे. एकूण देखणेपणाला ३०, दुधाळ लक्षणांना २०, शरीराच्या आकारमानाला २० आणि कासेला ३०. हे गुणपत्रक मूळचे अमेरिकेतले, तिथल्या दुधाळ गायींसाठी केलेले. तिथे ते बरोबरच होते, कारण तिथल्या शेतकऱ्याला गाय हवी ती दुधासाठी. पण त्यात नांगराला एकही गुण नाही, वखराला नाही. एप्रिलच्या उन्हात कडब्यावर तग धरण्याला नाही. दर वर्षी वासरू देण्याला नाही. वर्धा-आर्वीकडची गवळाऊ, कंधारची लाल कंधारी, उदगीरकडची देवणी या जनावरांचा जन्मच ज्या कामासाठी झाला, त्या कामाला त्या कागदावर जागा नव्हती.

देशी जातींची प्रदर्शने भरतात तिथे वेगळी अडचण. तिथे रंग, शिंग, पोळी, वशिंड यांवर भर. माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी आणि देवणी बघायला मीही आवडीने जातो. जातीची ओळख टिकली पाहिजे यात वाद नाही. पण देवणीचेच बघा. अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, सगळा पांढरा तो बाळंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके तो शेवरा. तिन्ही देवणीच. रंगाने ओळख पटते. पण वखर रंगाने ओढला जात नाही आणि वासराच्या पोटात रंगाने दूध जात नाही.

प्रदर्शनाची आणखी एक गोम आहे. दर वर्षी विणारी, वासराला पाजणारी आणि घराला तांब्याभर देणारी गाय अंगाने नेहमी थोडी उतरलेलीच असते. तुकतुकीत आणि गोलमटोल दिसणारी गाय पुष्कळ वेळा भाकड असते. परीक्षकासमोर दोघी उभ्या केल्या तर हार कोणाच्या गळ्यात पडतो, ते तुम्ही पाहिलेले आहे.

करडांचेही तसेच. एकाच करडाला आईचे सगळे दूध मिळते. तीन महिन्यांचे असताना ते समजा १४ किलोचे भरले. शेजारच्या शेळीने जुळे दिले, ती दोन्ही ११-११ किलोची. डोळ्याला १४ किलोचा बोकड भारी दिसतो आणि कोणी पैदाशीला ठेवलाच तर तो ठेवतो. पण जुळ्याच्या आईने २२ किलो वाढवले, एकट्याच्या आईने १४. उस्मानाबादी शेळीचे नाव झाले ते जुळ्यांसाठी. आपण डोळ्याने निवडत गेलो तर तोच गुण कळपातून हळूहळू निघून जातो. एकट्याची तुलना एकट्याशी आणि जुळ्याची जुळ्याशी करायची, एवढे साधे पथ्य आहे. पण ते पाळायला जन्माची नोंद लागते.

आणि भोवरा! बैलाच्या पाठीवर, कपाळावर केसांचा भोवरा चुकीच्या जागी असला की त्याचा भाव पडतो. भोवऱ्याने बैल आजारी पडत नाही, काम कमी करत नाही. हेड्यालाही हे ठाऊक असते. तो आपल्याकडून भोवरा दाखवून स्वस्तात घेतो आणि तिसऱ्या बाजारात तोच भोवरा शुभ ठरवून विकतो. आपल्या श्रद्धेचा पैसा त्याच्या खिशात. पारख आपल्या हाती नसली की असेच होते.

कायद्याची पारख

तिसरी पारख सरकारची. महाराष्ट्राचा प्राणी संरक्षण कायदा १९७६ चा. त्यात गायीच्या कत्तलीला बंदी होती, पण कामातून गेलेल्या बैलाला दाखला मिळाला की तो विकता येत होता. १९९५ साली विधिमंडळाने दुरुस्ती मंजूर केली. तिला राष्ट्रपतींची संमती २०१५ साली मिळाली आणि मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही बंदीत आले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यातून आणलेले मांस बाळगण्यावरची बंदी काढली, कत्तलबंदी मात्र कायम ठेवली.

आता पारखीच्या भाषेत याचा अर्थ काय, ते बघू. चौसा बैल घेताना शेतकरी नकळत दोन भाव जोडतो: त्याच्या कामाचा आणि तो थकल्यावर येणाऱ्या पैशाचा. समजा बैल ५०,००० ला घेतला, आठ वर्षे काम केले आणि शेवटी २०,००० आले. वर्षाची घट झाली ३,७५० रुपये. शेवटचे काहीच आले नाही तर तीच घट ६,२५० रुपये. वर थकलेला बैल दावणीला राहिला तर दिवसाला सात किलो सुका चारा धरला तरी वर्षाला अडीच टन कडबा. तो चारा वासराच्या तोंडचा जातो. म्हशीला ही बंदी लागू नाही, म्हणून म्हशीचा शेवटचा भाव टिकून आहे. गायीगोऱ्ह्यांच्या जागी म्हशी आणि शेळ्या का वाढल्या, हे ज्याचे त्याने आपल्या गावात बघावे.

देशाच्या पशुगणनेत २०१२ साली गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ च्या गणनेत ४ कोटी ७४ लाख राहिले. सात वर्षांत ३० टक्के घट. सगळा दोष कायद्याला देता येणार नाही. ट्रॅक्टरने बैलाचे काम घेतले, हे आपण डोळ्यांनी पाहतो. पण काम कमी झाले आणि शेवटचा भावही गेला, तेव्हा गोऱ्हा पाजायचा कशासाठी? पोटभर दूध न मिळालेल्या गोऱ्ह्यातून वळू कुठून निघणार? डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राने देशी जातींच्या संवर्धनासाठी राष्ट्रीय गोकुळ मिशन सुरू केले आणि तीन महिन्यांत आपल्या राज्यात बैलाची किंमत कमी करणारा कायदा लागू झाला. आता त्याच मिशनमधून कालवडीच जन्माव्यात म्हणून लिंगनिश्चित रेतमात्रांचा प्रसार चालतो. गोऱ्हा नको, असे सरकारच सांगते आहे.

गायीवरची श्रद्धा आपल्या घरात कोणापेक्षा कमी नाही. पोळ्याला आपण बैलाच्या पाया पडतो. पण श्रद्धेचा खर्च एकट्या दावणीच्या मालकाने उचलावा, हा कुठला न्याय? ज्यांना थकलेला बैल वाचवायचा आहे, त्यांनी तो बाजारभावाने विकत घ्यावा. चारा त्यांनी घालावा. आम्ही कासरा आनंदाने हातात देऊ.

आपली मोजपट्टी

आता आपण काय करायचे? सरकार बदलेल तेव्हा बदलेल. पारख मात्र आजपासून आपल्या हाती घेता येते.

वळू म्हणजे कळपाचा अर्धा भाग. गाय वर्षाला एक वासरू देते, वळूचे रक्त गावच्या सगळ्या वासरांत उतरते. म्हणून वळू निवडताना त्याच्या अंगाच्या आधी त्याची आई बघा. पहिले वेत कितव्या वर्षी, आतापर्यंत वेते किती, दोन वेतांत अंतर किती महिन्यांचे, वासरे जगली किती. नंतर त्याचे पाय बघा. खूर काळे आणि टणक आहेत का, चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा पुढे पडतो का. दोन्ही अंड सारखे, नीट उतरलेले आहेत का. मारका आहे का. आणि सगळ्यांत मोठा पुरावा म्हणजे त्याची आधीची वासरे. दुधाचा गुण वळूच्या अंगावर दिसत नाही, तो त्याच्या मुलींत दिसतो.

तोच वळू किंवा बोकड वर्षानुवर्षे ठेवू नका. तो स्वतःच्याच मुलींना फळवू लागला की वासरे दुबळी होतात, मरतूक वाढते. दोन-तीन वर्षांनी शेजारच्या गावाशी अदलाबदल करा. पैसा लागत नाही, बोलणे लागते.

बोकडासाठी नियम आणखी सोपा: जुळ्यातला, ज्याच्या आईने दोन्ही करडे जगवली, आणि जो तीन आणि सहा महिन्यांच्या वजनात इतर जुळ्यांच्या पुढे आहे. यासाठी शाळकरी मुलाची एक वही पुरे. शेळीचे नाव, विण्याची तारीख, करडे किती, तीन महिन्यांचे वजन, सहा महिन्यांचे वजन. बायका शेळ्या सांभाळतात आणि कोणत्या शेळीने केव्हा किती दिली ते त्यांना तोंडपाठ असते. वही त्यांच्याच हाती असू द्या.

राहिला पैशाचा प्रश्न. चांगला बोकड ठेवायचा तर मालकाने बाजारातले १०,००० रुपये का सोडावेत? फुकट सोडू नयेत. पंचवीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. शेळी नीट पोसली तर दोन वर्षांत तीन वेळा विते. गाभण राहिलेल्या प्रत्येक शेळीमागे १०० रुपये ठरवले, तर दोन वर्षांत ७,५०० रुपये मालकाला मिळतात. दोन वर्षांनी बोकड विकला तरी मटणाचे पैसे आहेतच. चांगल्या बियाण्याला आपण बाजारात जास्त पैसे मोजतो. बोकड हे बियाणेच आहे, त्याचेही मोजावे लागतील.

हे गावात करायचे. जिल्ह्याच्या बैठकीत मांडायचे ते वेगळे. जिल्ह्यातल्या प्रत्येक जनावर बाजारात शेळ्यामेंढ्यांसाठी काटा बसवावा आणि जिवंत वजनाचा त्या दिवशीचा भाव फळ्यावर लिहावा. बैलाचा भाव उपरण्याखाली न ठरता तोंडाने, मालकाला ऐकू जाईल असा ठरावा. जिल्हा परिषदेच्या प्रदर्शनात निम्मे गुण वेतांच्या नोंदीला आणि संततीला द्यावेत. जिची नोंदवही नाही तिला पहिला क्रमांक नाही. आणि थकलेल्या बैलाची विक्री एकतर मोकळी करावी, नाहीतर सरकारने तो बाजारभावाने विकत घ्यावा.

ठरावाला हात वर करणे सोपे असते. म्हणून येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी, चार शेळ्यांची का होईना, पण भरलेली. ज्याच्याकडे नोंद आहे त्याला बाजारात कोणी सहज फसवू शकत नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यासमोर बोलतानाही त्याचा आवाज वेगळा निघतो.